अकरा एककांचा आकडा

१९ नोव्हेंबर, सोमवार. आभाळ मोकळे, उत्तरेचा वारा, समुद्र शांत.

श्रीवर्धनच्या शाळेच्या ओट्यावर दर रविवारी आम्ही चौघे जमतो आणि उठताना एखादा किस्सा घेऊनच उठतो. माझ्या दोन वह्या त्यांनीच भरल्या. यंदाचे किस्से मात्र सगळे एकाच भीतीचे.

*

यंदाच्या शाळेच्या संमेलनात आमच्या चौघांतल्या गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर ओळीने अकरा वेळा एक लिहिला : ११,११,११,११,१११. "ही मूळसंख्या! हिला कशानेच भाग जात नाही!" मुंबईचा एक पाहुणा हसला. मास्तर भडकले. "भाग जाईल त्या दिवशी नोकरी सोडीन!"

टाळ्या पडल्या. आम्ही तिघांनी वाजवल्या नाहीत.

*

कारण मास्तरांचा शब्द! एकदा चहात माशी निघाली. "आजपासून चहा बंद," म्हणाले. नऊ वर्षे झाली. परवा इन्स्पेक्टरसाहेबांनी स्वतः कप पुढे केला. मास्तर म्हणाले, "तुमचा मान म्हणून कप धरतो." तासभर नुसता धरून बसले!

*

भाग जायचाच तर बाविसाच्या पटीहून एकाने मोठ्या मूळसंख्येनेच जाईल, हेही मास्तरांनीच शिकवलेले. अशा हजारभर निघाल्या. मास्तरांची नोकरी टिकते का ते बघायला पोस्टातले दामूअण्णा आणि मी, दोघांनी त्या तपासायला वाटून घेतल्या. शेवटच्या वजाबाकीला दामूअण्णा डोळे मिटतात. बायको वाचून सांगते, "उरलंय हो काहीतरी, जेवायला चला!"

*

चौथा धर्मा तांडेल. होडीवाला, अक्षरशत्रू, पण नातू मास्तरांच्या वर्गात.

"नाना, भाग गेला तर?"

"मास्तर जातील."

"मंग जाऊ देऊ नको की!"

"आकडा माझं ऐकत नाही, धर्मा."

"मास्तर तरी कुठं कुनाचं ऐकतंय!"

*

प्रत्येक भागाकार आम्ही नवाने पडताळतो. अंकांची बेरीज करायची, त्यातून नऊ टाकत जायचे. मूळ आकडा आणि उलट गुणून बाकी मिळवलेला आकडा, दोन्हीकडे सारखेच उरले की बरोबर.

गेल्या मंगळवारी भागाकारांच्या जुन्या वहीत २१६४९ चा भागाकार दिसला. बाकी ३४०४, पडताळा चोख. पण मधल्या वजाबाकीत हवे होते ७०१२, मी लिहिले होते ७०२१. अंक उलटले तरी बेरीज तीच. नवाला ही चूक दिसतच नाही!

तिथून पुढे तो भागाकार नव्याने करायला मी धजलो नाही.

*

काल वर्गात ती वही मास्तरांपुढे ठेवली. धर्मा पुढे सरकला. "मास्तर, होडी तयार हाय. वही खोल पान्यात सोडतो. कुनाला कळतंय?"

"मला कळेल ना रे," मास्तर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

पाच. एक. तीन. दोन. तीन. आम्ही तिघे बाहेरच्या पोफळींकडे बघत होतो.

२१६४९ × ५१३२३९ = ११,११,११,११,१११. बाकी शून्य.

आज सकाळच्या टपालाने मास्तरांचा राजीनामा अलिबागला गेला. शिक्का दामूअण्णांनी मारला.