ओळखीच्या प्राण्यांची भिंत

माझ्या बायकोच्या मामांइतका ओळखीला हपापलेला माणूस अख्ख्या नाशकात झाला नाही, आणि नाशकाच्या भल्यासाठी पुढेही होऊ नये. लग्नाच्या पंगतीत ते आधी आचाऱ्याला भेटून येत, मगच पानावर बसत. वांगी घेताना ती कुठल्या गावची, मळा कोणाचा, घरी सगळे बरे ना, इतकी चौकशी होईपर्यंत मामी शेजारच्या गाड्यावरून मेथी घेऊन घरी पोचलेली असे. एकदा दाढ ठणकत असताना ते दंतवैद्यासमोर तोंड मिटून बसले. "आधी तुम्ही कुठले ते सांगा. अनोळखी माणसासमोर आ वासणं मला जमत नाही." वैद्य नांदगावचे निघाले, मामांच्या एका मित्राचे शेजारीच निघाले. गप्पा इतक्या रंगल्या की दाढ दुसऱ्या दिवशी काढावी लागली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते वीज खात्यातून निवृत्त झाले. त्याच सुमारास इंदिरानगरातल्या आमच्या शाळेने कुंपणाच्या लांबलचक भिंतीवर निसर्गचित्र रंगवायचं ठरवलं. मी तिथे शिक्षक होतो. मुलं, पालक, शेजारीपाजारी सगळ्यांनी मिळून रंगवायचं, पण देखरेखीला जाणकार हवा. "मामांना रंगाचा तीस वर्षांचा अनुभव आहे," असं मीच मुख्याध्यापिकाबाईंना सांगून बसलो. अनुभव खराच होता, फक्त तो विजेच्या खांबांवरच्या पाट्यांवर कवटी आणि दोन हाडं रंगवण्याचा होता. त्यांचा पहिला कावळा भिंतीवर उतरला तेव्हा त्याच्याखाली 'धोका' एवढंच लिहायचं बाकी होतं.

बाईंनी यादी दिली: हंस, सिंह, हरणं, मोर. मामांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"बाई, यातलं कोणीच मला कधी भेटलेलं नाही."

"भेटायचं कशाला? काढायचे आहेत."

"ओळख नसताना भिंतीवर कसं घ्यायचं? उद्या हंसाने येऊन विचारलं, ही मान कोणाची, तर काय सांगू?"

त्यांनी नियमच केला: ज्याने जो प्राणी जवळून पाहिलाय, त्याने तोच काढायचा. आठवडाभरात भिंतीवर चार म्हशी, एक लंगडा कुत्रा, पाली, आणि एका पालकांना चावलेलं माकड अशी वस्ती झाली. उद्घाटनाला शिक्षणाधिकारी येणार होते. बाईंनी चुन्याची पोती मागवली आणि बजावलं, "निदान एक मोर काढा, नाहीतर सगळी भिंत पांढरी करते." मामा लुना काढून मोराच्या शोधात गेले, ते दुसऱ्या दिवशी परतले. मोर भेटला होता, पण पळताना. त्यामुळे भिंतीवर तो पाठमोराच आला आणि झुडपात अडकलेल्या खराट्यासारखा दिसू लागला.

उरलेल्या कोपऱ्यात मामांनी भाताचं खाचर रंगवून त्यात खेकडा काढला. खेकड्याशी त्यांची ओळख हरसूलला बदली असतानाची, तीही रश्श्यातली. समोरच्या बांधकामावर काम करणारी एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन थांबली आणि हसायला लागली.

"बाबा, तुमचा सहा पायांवर चाललाय. खेकड्याला आठ पाय, आन् दोन नांग्या."

ती हरसूलकडचीच होती. मामांनी तिचं गाव, शेत, घरची माणसं सगळं विचारून घेतलं आणि ब्रश तिच्या हातात दिला. जेवणाच्या सुट्टीत उकिडवं बसून तिने असा खेकडा काढला, की उद्घाटनाच्या दिवशी शिक्षणाधिकारी म्हशी, माकड आणि खराटा ओलांडून थेट त्याच्यासमोर उभे राहिले. "हा कोणी काढला?" मामा रस्ता ओलांडून त्या बाईला घमेल्यासकट घेऊन आले आणि रीतसर ओळख करून दिली. साहेबांचं आजोळ त्याच भागातलं. दोघं दहा मिनिटं खेकड्यांवर बोलत राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी चुना परत पाठवला.

घमेलं उचलून कामावर परत जाताना ती मामांना म्हणाली, "पोटाखाली पिल्लं ऱ्हातात, ती राहिली. भात झोडून आले की काढते." मामांनी तेवढी जागा मोकळी ठेवली. बांधकाम संपलं, एक दिवाळी गेली, दुसरी गेली, ती आली नाही. तेव्हा मामा लुनावर तिच्या गावाला जाऊन आले. घर बंद होतं. माणसं कामाला कुठे गेली, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी लुना आमच्या ओट्याशी लावली. मग म्हणाले, "दाराला कुलूप होतं, पण कुलूप नवं होतं. म्हणजे यायचा विचार असणार."