पखवाजाची कणीक आणि ते पाच फोटो

माझं वय आज एक्याऐंशी. शाळा दुसरीपर्यंत. हे मी वहीत लिहिलं आणि नातीनं मोबाईलवर उतरवलं. काना-मात्रा तिनं सुधारल्या, पण शब्द बदलायचा नाही अशी तिला ताकीद दिली आहे.

इथे लोक भुताखेताचे अनुभव लिहितात असं ती सांगते. मी असलं काही मानत नाही. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माझी उमर गोणी उचलण्यात गेली. एका गाळ्यात बाई दिसते म्हणून चांगले धट्टेकट्टे गडी पळायचे. त्याच गाळ्यात मी दुपारी गोण्यांवर आडवा व्हायचो. बाई कधी आली नाही, ढेकूण मात्र आले. तेव्हा मला कुणी भोळा समजू नये. पण शहाण्णव सालच्या मे महिन्यात नेरूळला जे झालं ते झालं... आणि त्याचे फोटो माझ्याजवळ आहेत.

आम्ही साताऱ्याकडचे. एका गावची तेरा-चौदा माणसं माथाडीत होतो, आमचं भजनी मंडळ होतं. बुवा म्हणजे गाणारा बाजीराव. तो माझ्याच आळीतला. दोघं एकाच एसटीनं, एकाच वळकटीवर बसून मुंबईला आलो. तो गायचा आणि मी पखवाज वाजवायचो. वीस वर्षं तसंच.

माझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं आहे. ट्रकच्या फाळक्यात सापडलं. त्यानंतर पखवाजावर माझी डावी थाप एक केस मागून पडायला लागली. दुसरा कुणी असता तर बंद केलं असतं. मी नाही केलं. बाजीरावच म्हणायचा, "शिवा, तुझी थाप मागनं येती, पर तीच बरी वाटती. मागं वळून बघाय लागत न्हाय, कोण बसलंय ते कळतं."

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. ही कणीक भजनाला बसायच्या थोडी आधीच लावायची, कारण ती वाळते. आमच्या मंडळाचा रिवाज असा, की ज्यानं कणीक लावली त्यानंच त्या दिवशी वाजवायचं. कणीक एकानं लावायची आणि बसायचं दुसऱ्यानं, असं आमच्यात कधी झालं नव्हतं. गावी बाजीरावाचा बाप गायचा तेव्हापासून नाही.

त्या वर्षी नेरूळला स्टेशनपासून जवळ एका मोकळ्या मैदानावर उन्हाळी सुट्टीत दिवसभराचा संगीत मेळा ठेवला होता. सकाळी सनई, मग बॅन्जो पार्टी, कोळीगीतं, शाळेच्या पोरींचं समूहगान, असं संध्याकाळपर्यंत. आम्हाला दुपारी चारची वेळ मिळाली. मैदानावर, मोठ्या स्टेजवर, कर्ण्यावर आमचं भजन! मी नवा नेहरू शर्ट शिवला. बायको म्हणाली, "लग्नात एवढं नटला न्हवता."

बाजीरावनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, "कॅमेरा पण आण रं." जावई कुवेतला होता, त्यानं मला रोलचा कॅमेरा दिला होता. मला फोटोचा नाद होता, गावच्या जत्रेचे सगळे फोटो माझेच. मला वाटलं, मेळ्यातल्या कुणाच्या तरी हातात देऊन सगळ्या मंडळाचा एक फोटो काढून घेऊ.

साडेतीनला स्टेजच्या मागे कापडी मांडवात मी गट्टे ठोकून पखवाज सुरात आणला. कणीक भिजवली, लावली. घाम कोपरापर्यंत. खाडीकडून वारा येत होता, पण तोही भट्टीतून आल्यासारखा. हात पुसत मी उठलो तर समोर बाजीराव आणि त्याच्याशेजारी सुरेश.

हा सुरेश नेरूळच्या एका सोसायटीत राहणारा, ऑफिसात नोकरी, तिशीतला. तबल्याच्या क्लासला गेलेला. तीन-चार महिन्यांपासून आमच्यात येऊन टाळ धरायचा. माणूस वाईट नव्हता.

बाजीराव माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिवा, आज सुरेश बसंल. तू आसं कर, फोटो काढ."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हणालो, "कणीक मी लावली हाय."

"आरं लावली म्हणून काय झालं? मेळ्यात जागा त्याच्या वळखीनं मिळाली. त्याला शबूद दिलाय."

"कधी दिलास?"

"झाला की महिना."

"महिना झाला? मग तालीम कुठं केली?"

बारा माणसं टाळ घेऊन उभी, बाराही खाली बघतायत. महिनाभर मला सांगत होते, बुवाचा घसा बसलाय म्हणून तालीम बंद आहे. आणि हे दर रविवारी सुरेशच्या फ्लॅटवर जाऊन बसत होते! बाराच्या बारा जण माझ्याबरोबर रोज एका गाडीवर गोणी उचलत होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

मी विचारलं, "मग कणीक मला का लावाय लावलीस?"

बाजीराव म्हणाला, "त्याला लावाय येत न्हाय."

सुरेश पुटपुटला, "नाना, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे..."

मी घरी निघून जाऊ शकत होतो. पण गेलो असतो तर म्हणाले असते, शिवराम रुसला. मी रुसणारा नाही. कॅमेरा गळ्यात अडकवला आणि स्टेजच्या खाली जाऊन उभा राहिलो. म्हटलं, काढतो फोटो. एकेकाच्या तोंडाचा काढतो.

चार वाजता सुरू झालं. मेळावाल्यांनी बुवाला झेंडूचा हार घातला, तो घालूनच बाजीराव बसला. सुरेशनं मनगटावरचं घड्याळसुद्धा काढलं नव्हतं. हात त्याचा स्वच्छ, खोटं कशाला बोलू. बोल मोजून-मापून पडत होते. लोक उन्हात डोक्यावर रुमाल टाकून ऐकत होते. मी फोटो काढत होतो आणि आतून जळत होतो.

दुसऱ्या अभंगाच्या मध्यात लाईट गेली. कर्णे एकदम गप्प झाले. बाजीरावनं समोरचा माईक बाजूला सारला आणि मोकळ्या गळ्यानं गाणं उचललं. त्याचा गळा तसा होता, त्याला माईक लागत नव्हता. टाळ उठले. आणि मग डावी थाप पडली... एक केस मागून.

मी कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होतो. बटण दाबायचं विसरलो. तीच थाप परत आली. परत मागून. ती थाप नवी मुंबईत दुसरा कुणी वाजवत नव्हता आणि वाजवूही शकत नव्हता, कारण ती चुकीनं पडते. क्लासला गेलेला माणूस ती मुद्दाम मारू म्हणाला तरी जमणार नाही.

तेवढ्यात बाजीराव गाता गाता मागे वळला. वीस वर्षांत तो कधी वळला नव्हता. पखवाजाकडे बघितलं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं, ओळ अर्ध्यात सुटली. टाळकऱ्यांनी सावरून घेतली. मग त्यानं खाली माझ्याकडे बघितलं. मी उभा होतो तिथंच होतो, कॅमेरा हातात. मला डोळ्यांना सुरेशच बसलेला दिसत होता, हे खरं सांगतो. पण वाऱ्यानं मेळ्याचा कापडी फलक सुटून सारखा मध्ये फडफडत होता, तेव्हा पुरतं असं काही दिसलं नाही. लाईट नव्हती तेवढ्यात मी पाच फोटो काढले, त्यातला एक बाजीराव वळला तेव्हाच. मग जनरेटर लागला, बाजीरावनं माईक पुढे ओढला, थाप वेळेवर पडायला लागली. म्हटलं, ऊन लागलं असेल आपल्याला.

रोल वाशीला स्टुडिओत धुवायला दिला. चार दिवसांनी छत्तीस फोटो आले. मी दुकानाच्या पायरीवर बसून एकेक बघितले. जिथं माईक बुवाच्या तोंडापुढे आहे, तिथं सगळीकडे सुरेश, मनगटावर घड्याळ. आणि ज्या पाचात माईक बाजूला सारलेला आहे, तिथं पखवाजावरच्या डाव्या हाताला घड्याळ नाही... आणि करंगळीशेजारचं बोट अर्धं.

चेहरा दिसत नाही. चार फोटोंत फलकाचं कापड आडवं आलंय, पाचव्यात चेहरा हललाय. पण हात असा ठसठशीत, की अर्ध्या बोटावरचे टाक्यांचे वण मोजता येतात. मी माझा हात फोटोशेजारी धरला. आत जाऊन स्टुडिओवाल्याला नेगेटिव्ह तपासायला लावली. भिंगातून बघून तो म्हणाला, "काका, यात काही लफडं नाही. जे समोर होतं ते आलंय." त्या पाचातल्याच एका फोटोत बाजीराव वळून त्या हाताकडे बघतोय, तोंड उघडं.

शनिवारी मंडळाच्या खोलीत गेलो. बारा जण होते, सुरेशही होता. मी पाची फोटो सतरंजीवर मांडले. सगळे वाकले. एक जण "आयला!" म्हणाला. मी फक्त बाजीरावाकडे बघत होतो. मला पखवाज परत नको होता. माफीही नको होती. माझी पत वीस वर्षं त्या खोलीत होती आणि महिनाभर सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं होतं. बाजीराव सगळ्यांदेखत "व्हय, मला दिसला" एवढं म्हणाला असता, तर मी सगळं सोडून दिलं असतं.

त्यानं तो स्वतः वळलेला फोटो उचलला. मग म्हणाला, "आधीच गट्टे ठोकताना काढून घेतला असशील कुणाकडनं."

मी म्हणालो, "गट्टे ठोकताना तू गळ्यात हार घालून गात होतास का?"

दोघं-तिघं हसले. बाजीराव हसला नाही. फोटो त्यानं उलटा ठेवला.

"मला काय म्हाईत? तुझा कॅमेरा, तुझी करामत. शिवा, एका पखवाजापायी इतका खाली येशील आसं वाटलं नव्हतं."

"बाजीराव, तू वळून बघितलंस."

"माशी बसली हुती मानंवर."

माझ्या इतक्या वर्षांच्या दोस्तानं मला बारा माणसांत खोटारडा ठरवलं, माशीच्या नावावर. मी फोटो गोळा केले आणि आलो. त्या खोलीत परत पाय ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी सुरेश घरी आला. चहा घेईना. म्हणाला, "नाना, लाईट गेल्यावर मी थांबलो होतो. मला वाटलं आता कार्यक्रम थांबेल. हात मांडीवर ठेवले. पखवाज चालूच होता. मला वाटलं, खाली तुम्ही दुसरा घेऊन वाजवताय."

"मग शनिवारी का बोलला नाहीत?"

"बुवाच बोलले नाहीत. मी कालचा माणूस, मी काय बोलणार?"

त्यानं नंतर मंडळ सोडलं. मी त्याला दोष देत नाही. कालच्या माणसाकडून मी काही मागितलंच नव्हतं.

बाजीराव आणि मी एकाच मार्केटात आणखी सहा वर्षं काम केलं. समोरासमोर आलो तर तो बिडी काढायचा आणि मी डोक्यावरचा टॉवेल झटकायचो. एकमेकांच्या घरच्या कार्यांना बायका जायच्या, आम्ही नाही.

मग तो काम सोडून कायमचा गावी निघाला. त्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. दारात बाजीराव. काखेत धोतरात गुंडाळलेला मंडळाचा पखवाज, दुसऱ्या हातात वाटी, वाटीत भिजवलेल्या कणकेचा गोळा. खाली टेम्पोत सामान, बायको पुढे बसलेली.

तो पखवाज त्यानं उंबऱ्याच्या आत ठेवला. मी म्हणालो, "आत ये."

"टेंपो थांबलाय."

"मग हितंच सांग. त्या दिवशी मी तुला दिसलो का न्हाय?"

जिन्यात शेजारची माणसं ये-जा करत होती. एक जण थांबून आमच्याकडे बघायला लागला. बाजीरावनं त्याच्याकडे बघितलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"वाळंल," तो म्हणाला. "लाव."

आणि जिना उतरून गेला. दोन वर्षांनी गावी वारला. मी मातीला गेलो, पण खांदा दिला नाही.

लाईट गेली तेवढ्या वेळात नेरूळच्या त्या मैदानावर कोण वाजवत होतं, मला आजही माहीत नाही. मी स्टेजखाली होतो. मेलेला नव्हतो, झोपलेला नव्हतो. नात म्हणते इथे कुणीतरी उलगडा करेल. करा. पाची फोटो डब्यात आहेत, ज्याला यायचं त्यानं घरी येऊन बघावेत, माझा हातही शेजारी धरून दाखवतो.

पखवाज भिंतीवर आहे. त्या दिवशी मी कणीक लावली नाही. वाटी खिडकीत ठेवली, दोन दिवसांत गोळा दगड झाला. बायको टाकून देत होती, मी टाकू दिला नाही.