हातचा घास

डिंभ्याच्या थांब्यावर एसटीची वाट बघत एक म्हातारबाबा माझ्या शेजारी बसले होते. फडकं सोडून त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि न बघताच गुडघ्यापाशी खाली धरला. खाली कुणीच नव्हतं.

"सवय जात न्हाई, राव," ते म्हणाले.

बिबट्यानं धरू नये म्हणून त्यांनी आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधला होता. तो लंगडायला लागला तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्याच त्याला दिल्या. माणसासारख्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, भाकरीत दडवून. चौथ्या दिवशी त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या आणि तो गेला.

"परक्याच्या हातचं खायचं न्हाई, हे मीच शिकवलं व्हतं त्याला. गोळी लई कडू. पण माझा हात बघून खाल्ली त्यानं."

तुकडा अजून त्यांच्या हातातच होता. वळणावर एसटी दिसली, तसा त्यांनी तो माझ्यापुढे केला. "घ्या, पावणं."

प्रवासात मी अनोळखी माणसाच्या हातचं कधी खात नाही. तो तुकडा घेतला, आणि ते बघत असताना सगळा खाल्ला.