पुलाच्या तारेवर वाळत घातलेली साडी

इडल्यांचा दुसरा घाणा उतरवत होते. निशांत, माझा नवरा, एका पायात मोजा चढवून दुसरा शोधत होता. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार बडवणारं आमच्या सरस्वतीपुरमात एकच माणूस, मागच्या गल्लीतल्या गौराबाई.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. मुलगा आता मोबाइल दुरुस्त करतो. रंगाचं भांडं फक्त घरातल्या लग्नाला चुलीवर चढतं. नवरीची साडी मंजिष्ठेच्या मुळांच्या रंगात लाल रंगवायची, कालव्याच्या वाहत्या पाण्यात धुवायची आणि काठावर पसरून, पाणी शिंपडत दिवसभर ऊन दाखवायचं. मग तो लाल उजळतो. घरात आलेल्या आणि घरातून गेलेल्या प्रत्येक नवरीची साडी बाईंनी अशीच केली. आता नातीचं, भाग्याचं लग्न तोंडावर आलेलं.

पण यंदा कालव्यावर तारांचा पूल झाला. उंच खांबावरून तिरप्या उतरणाऱ्या जाड तारा, त्यांनी तोललेला रस्ता. खाली काठावर काँक्रीट आलं, त्याभोवती जाळी. निशांत तिथलाच इंजिनिअर.

बाई आत आल्या त्या ओल्या साडीचा बोळा छातीशी धरूनच.

"अगे चैत्राली, तुझ्या नवऱ्याच्या वॉचमननं मला हाकललं!"

"आजी, तुम्ही केलंत काय?"

"काय करू? काठ नाही. एवढ्या दोऱ्या ताणून ठेवल्यात की यांनी. सगळ्यात खालच्या दोरीवर घातले."

निशांत उभाच राहिला. "आजी, त्या दोऱ्या नाहीत! त्यांच्यावर पूल उभा आहे."

"अय्यो, मग माझ्या साडीनं पडतो काय? असला कसला रे पूल?"

मला हसू आवरेना. जन्मभर कापड वाळवणाऱ्या बाईला त्या तारा बघून दुसरं काय सुचणार? मग साडीकडे लक्ष गेलं. कुंकवासारखा लाल रंग, आणि ओली चुरगळली तिथं काळपट पट्टा. बाई तो अंगठ्यानं चोळत होत्या.

"आमच्या गच्चीवर नळ आहे, आजी."

"नळाला जायचा नाही गे हा. आजच वाहत्या पाण्यात धुतलं, ऊन दाखवलं, तर जाईल."

मी पुढे केलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही. निशांतकडे वळल्या.

"तुझ्या तारांना मी हात लावत नाही. जाळीच्या आत, पाण्याजवळ, ऊन पडतं तिथं आजच्या दिवसापुरती एका साडीची जागा दे."