कव्हराखाली कोणाची गाडी?

खर्र… खर्र… फुस्स!

हा आवाज मी तरुणपणी ऐकला आणि तो अजून माझ्या कानातून गेलेला नाही. घरात अंबुजाला, म्हणजे माझ्या बायकोला, कळा सुरू झालेल्या. बाहेर पावसात भिजलेली माझी मोटारसायकल. मी किक मारतोय आणि ती नुसती फुस्स करतेय! शेवटी आमचा रघू बैलगाडीत जन्मला, कालव्याच्या पुलावर. तेव्हापासून आकाशात ढग दिसला की माझा जीव खाली-वर होतो.

आता तुम्हाला काय सांगू, त्याच भीतीपायी म्हातारपणी माझी जी शोभा झाली ती! मी बोलायला सावकाश आहे. तुमची कॉफी निवेल, ती आधी घ्या. मग ऐका.

यंदा रघूने नवी मोटारसायकल घेतली. काळी, चकचकीत. पण तंजावूरच्या राजवाड्यामागचे आमचे बोळ तुम्हाला माहीत आहेत. घरात गाडी घ्यायला जागा कुठे? ती ओट्याखाली, उघड्यावर. म्हटलं, हिला चांगलं कव्हर हवं. आणि ते मीच निवडणार.

माझी शाळा तिसरीतच सुटली, पण जन्मभर शिलाई मशीन चालवलं. शिवण मला कळते. दुकानदाराने एकेक कव्हर काढलं. साधं प्लास्टिक नको, ऊन पडलं की आत घाम धरतो आणि लोखंड गंजतं. नुसतं कापड नको, ते पाणी पितं. मला बाहेरून पाणी अडवणारं हवं होतं आणि आतून मऊ, म्हणजे टाकीवर ओरखडे नाहीत. वारा खेळायला बाजूला झडपा हव्यात. पोटाखालून पट्टा हवा, नाहीतर वाऱ्यात त्याचा पतंग व्हायचा. आणि पुढच्या चाकापाशी कुलपासाठी धातूची भोकं.

"ताता, सगळं आहे यात," दुकानदार म्हणाला. ताता म्हणजे आजोबा. माझं वय तोंडावरच लिहिलेलं.

"शिवणीतून पाणी येतं का?"

"नाही येत."

"बघू या."

मी स्टुलावर बसलो, कव्हर डोक्यावरून ओढून घेतलं आणि आतून म्हणालो, "ओता!"

बाहेर गिऱ्हाइकं जमली. मला सगळं ऐकू येत होतं.

"आत काय आहे?"

"एक ताता आहे."

"विकायचा आहे का?"

घागर रिकामी झाली. आत मी कोरडा ठणठणीत! तेच कव्हर घेतलं.

सरस्वतीपूजेचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकं, हत्यारं, गाड्या, सगळ्यांची पूजा होते. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पुनःपूजा होईपर्यंत त्या वस्तूंना हात लावायचा नाही. माझी कात्री, टेप, अंबुजाची विळी, सगळं देवीच्या पायाशी. पुरोहित, म्हणजे आमचे पंचू वाध्यार, घाईघाईने आले. पुढे त्यांना पापनाशमला राइस मिलच्या यंत्रांची पूजा करायची होती, तीही राहुकाळ लागायच्या आत. मालकाचे फोनवर फोन.

आमच्या गाडीला चंदन-कुंकू लागलं, हार चढला. चाकांखाली लिंबं ठेवली. रघूने ती चिरडली आणि म्हणाला, "अप्पा, गणपतीच्या देवळाला एक फेरी मारून येतो. मग गाडीला विश्रांती."

आत अंबुजाने विचारलं, "वाध्यार, भाजी चिरायची आहे. विळी घेऊ का?"

वाध्यार कडाडले, "देवीपाशी ठेवलेली वस्तू? आकाश कोसळलं तरी उद्यापर्यंत हात लावायचा नाही!"

असं म्हणून ते सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, आणि कॉफी घ्यायला बसले. मी सहज बाहेर आलो, तर कावेरीच्या बाजूने काळा ढग! आणि रघूचा पत्ता नाही. जीव राहीना. बोळाच्या तोंडाशी असलेल्या देवळापर्यंत गेलो. पाहतो तर काय, काळी गाडी, हार घातलेली, चंदन लावलेली, भिंतीला उघडी उभी! हँडलला लॉकसुद्धा नाही. म्हटलं, हा मुलगा कधी सुधारणार? रघूला शिव्या देत, धापा टाकत मी ती ढकलत घरी आणली. कव्हर घातलं, पट्टा आवळला, पुढच्या चाकातून कुलूप लावलं आणि कुलपाची किल्ली देवीच्या पायाशी ठेवली.

"शाबास, मामा!" वाध्यार म्हणाले. "गाडीची किल्लीही देवीपाशी. भक्ती अशी हवी!"

मी सुखावलो. वाध्यार पिशवी उचलून निघाले आणि दोन मिनिटांत परत धावत आले. हातात किल्ली आहे, गाडी नाही!

"मामा, माझी गाडी गेली! बोळ अरुंद म्हणून देवळापाशी लावली होती!"

"देवळापाशी?" मी म्हणालो. "अय्यो! तिथूनच तर मी आत्ता आमची आणली. म्हणजे चोर तिथेच फिरत असणार. आमची थोडक्यात वाचली!"

हसू नका. त्या वेळी मला जराही शंका आली नाही! उलट कव्हराला टेकून मी त्यांना उपदेश केला. "वाध्यार, गाडी अशी उघडी ठेवू नये. कव्हर घ्या. हे बघा, झडपा. हा पट्टा."

त्यांचा फोन वाजतच होता. ते फोनवर म्हणत होते, "निघालो, निघालो," आणि आमच्या दारात गोल गोल फिरत होते. बोळ गोळा झाला. पाऊस सुरू झाला. समोरच्या मुरुगेसनने डोकं खाजवलं.

"सार, या कव्हराखाली कोणती गाडी?"

"आमची."

"जरा उचलून बघू?"

त्याला अडवलं कोणी? मी नव्हे. खुद्द वाध्यारांनी!

"ए, हात काढ! पूजेची गाडी आहे ती. माझी गेली म्हणून दुसऱ्याचा नेम मोडू?"

तेवढ्यात भर पावसात बोळाच्या तोंडाशी रघू दिसला. नखशिखांत ओला. एक काळी मोटारसायकल ढकलत होता.

"अप्पा, मित्राकडे जरा वेळ गेला. पावसात बंदच पडली हो."

मी गाडीकडे पाहिलं. मग रघूकडे. मग हळूच मागे वळून कव्हराकडे. मी तसा सावकाश माणूस, पण तेव्हा सगळं फार वेगाने समजलं. हार-चंदन त्या दिवशी गावातल्या प्रत्येक गाडीला होतं!

मुरुगेसनने कव्हराचं मागचं टोक उचललं. वाध्यारांनी खाली वाकून नंबर वाचला आणि तसेच वाकलेले राहिले.

"वाध्यार, तुम्ही आमची न्या!" मी घाईने म्हणालो. रघूने किक मारली.

खर्र… खर्र… फुस्स!

तोच आवाज! एवढ्या वर्षांनी, माझ्याच दारात.

आता उरलं ते कुलूप. मी आत बघितलं. देवीसमोर, तुपाच्या दिव्याच्या उजेडात, किल्ली चमकत होती. वाध्यारांनीही ती बघितली. एक पाऊल आत टाकलं. फोन पुन्हा वाजला. दुसरं पाऊल टाकलं.

दारात अंबुजा उभी होती. अगदी गरिबासारख्या आवाजात तिने विचारलं, "वाध्यार, किल्ली काढणार असाल तर मी माझी विळीही काढू का?"

वाध्यारांचा हात तिथेच थांबला. ते मागे फिरले. पिशवी छातीशी धरली, उपरणं डोक्यावर घेतलं आणि बस स्टँडच्या दिशेने निघाले.

मला फार वाईट वाटलं. काहीतरी धीर द्यायला हवा होता ना? मी मागून ओरडलो, "वाध्यार, गाडीची अजिबात काळजी करू नका! आत एक थेंब जाणार नाही. मी स्वतः बसून बघितलंय!"

ते थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. उपरण्यातून पाणी नाकावर ठिबकत होतं.

मग उपरणं पुढे ओढून ते पावसात चालू लागले.