गोवऱ्या घेऊन मॉलमध्ये

लोक लंडन करून येतात आणि लिहितात. मी मारुंजी करून आलो, मग मी का लिहू नये?

आकुर्डीहून सकाळी साडेनऊला निघालो तेव्हा हातात एक खोकं होतं आणि खोक्यात दुकानातून आणलेल्या, पाकिटात बांधलेल्या पाच गोवऱ्या. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, अठ्ठावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून अखेर स्वतःचं घर घेतलं होतं. पावणेबाराच्या आत तिथे गोवऱ्यांवर दूध उतू घालायचा मुहूर्त होता. "बाकी सगळं मी बघते, तू फक्त गोवऱ्या आण," असं तिने बजावलं होतं. माझ्यावर काम सोपवताना ती याहून जास्त धाडस करत नाही.

हिंजवडीच्या अलीकडे रिक्षा जी थांबली ती थांबलीच. पुढे-मागे कंपन्यांच्या कॅबच कॅब. रिक्षावाला बीडचा होता. शेवटी त्यालाच माझी दया आली. "काका, हितून चालत गेलात तर लवकर पोचताल," तो म्हणाला. मी खोकं पोटाशी धरून निघालो.

घामाघूम होऊन पोचलो आणि बघतच राहिलो. खाली चपलांपासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळी दुकानं, त्यावर पोडियम (म्हणजे दुकानांच्या छपरावर केलेली बाग) आणि त्याच्याही वर घरं. नवव्या मजल्यावरून ताई हात हलवत होती. मीही हलवला. पण तिच्यापर्यंत जायची वाट काही दिसेना. राहणाऱ्यांचं फाटक मागच्या रस्त्याला, असं कळलं. एवढा वळसा कोण घालणार, म्हणून मी सरळ दुकानांच्या दारातून घुसलो.

तिथे सामान तपासायचं यंत्र. पडद्यावर पाच गोल चकत्या उमटल्या. पिकल्या मिशांच्या रखवालदाराने खोकं उघडलं आणि तो हसतच सुटला.

"गोवऱ्या! त्याबी पाकिटात बांधून? राव, पेटणारी वस्तू आत जात न्हाई. नियम हाय."

साडेअकरा होत आले होते. मी चिडलो. चिडलो की माझा आवाज बारीक होतो, त्यामुळे कोणी घाबरत नाही. मग चिडणं सोडून सगळं खरं सांगितलं.

"अठ्ठावीस वरसं भाड्यानं?" त्याने विचारलं. जोडीदाराला दार सांभाळायला सांगून त्याने स्वतःच खोकं उचललं आणि मला सामानाच्या लिफ्टमध्ये घातलं.

"जिमीन आमचीच ही," वर जाताना तो म्हणाला. "बिल्डरला दिली. पर घरी करमत न्हाई, म्हणून राखणीला येतो."

"कशाच्या राखणीला?"

"जिमिनीच्याच की!"

वर बाल्कनीत सगळी तयारी होती, फक्त माझ्या गोवऱ्या पेटायला तयार नव्हत्या. मेहुण्यांनी तूप ओतलं, मी फुंकून फुंकून डोळे लाल केले. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. ताईचा चेहरा रडवेला झाला होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सरका जरा." रखवालदाराने टोपी काढली. गोवऱ्या मोडून तुकडे एकमेकांना टेकून उभे केले आणि मधल्या पोकळीत कापूर ठेवला. "आडव्या रचल्या तर वारं कुठनं शिरणार?" काडी लावताच गोवऱ्यांनी पेट घेतला. दूध वर आलं आणि मुहूर्त टळायच्या आत भांड्यावरून वाहिलं. ताई रडली. मीही रडलो, पण धुराची सोय होती.

त्यातल्याच दुधाची पहिली वाटी ताईने रखवालदाराच्या हातात दिली. "दादा, आधी तुम्ही."

तो वाटी धरून खाली बघत राहिला. "हितंच आमचा गोठा व्हता, ताई. लई दिसांनी दूध दिसलं या जागेवर."

संध्याकाळी निघालो तर त्याने माझं रिकामं खोकंही यंत्रात घालायला लावलं. नियम हाय!

परतताना पुन्हा हिंजवडीत अडकलो, पण आता घाई नव्हती. अठ्ठावीस वर्षं ताई घरमालकांच्या कटकटी ऐकत आली. आता स्वतःच्या घरात राहायला गेली, तर तिथेही एक मालक भेटलाच. ती खाली दुकानांकडे उतरली की तो आता रोज दारात तिला विचारतो, "ताई, दूध आलं का?"