फ्रान्समार्गे आलेली तक्रार

लाँड्रीवाल्या मावशींची इस्त्री आणि मावशींचं तोंड, दोन्ही सकाळी साडेसातला तापायची आणि दुकानाची फळी पडेपर्यंत गार होत नसत. कोपऱ्यावर तळमजल्याला दुकान, त्यामागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. गिऱ्हाईक आलं की मावशी आधी कपड्यांना नावं ठेवत, मग गिऱ्हाइकाला. "ही पँट आहे की पोतं? आणि हा डाग कसला? नका सांगू, कळलं." तरी लोक त्यांच्याकडेच यायचे, कारण मावशींच्या हातच्या घडीला तोड नव्हती. विशेषतः कॉलर. मावशींनी खळ घातलेली कॉलर म्हणजे माणूस वाकेल पण ती वाकणार नाही.

या कॉलरीची चालती-बोलती जाहिरात म्हणजे त्यांचे यजमान. चालती तरी नक्की. बोलती म्हणायला जीभ रेटत नाही. हे गृहस्थ चौतीस वर्षं टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झाले होते आणि सगळी गल्ली त्यांना टपालराव म्हणायची. दुसऱ्यांच्या पत्रांतून लाखो शब्द हाताखालून गेल्यामुळे की काय, स्वतःचे शब्द खर्च करायला ते फारसे राजी नसत. घरात त्यांचा एकच शब्द चालायचा, "हं." होकाराला हं, नकाराला हं, आणि काही ऐकलंच नसेल तरी हं.

बाहेर मात्र त्यांचं एक प्रकरण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी बुद्धिबळाच्या एका मासिकात पत्ता वाचून त्यांनी फ्रान्समधल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याशी पोस्टकार्डांवर डाव सुरू केला होता. कार्डावर वर चाल लिहायची आणि खाली दोन ओळी. दोघंही डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीत लिहायचे. एक डाव दोन-अडीच वर्षं चाले. मावशींना त्यात रस नव्हता. "प्यादं एक घर सरकवायला महिना लागतो, आणि आम्ही दिवसाला साठ शर्ट," एवढंच त्यांचं मत होतं.

त्या उन्हाळ्याच्या मध्यावर टपालरावांनी एक कार्ड इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि ते घाईघाईनं बाहेर निघून गेले. दंतवैद्याकडे मदतनीस असलेल्या मुलीनं ते वाचलं. "आई, ते येतायत. दोघं नवराबायको. उन्हाळा संपता संपता, दहा दिवसांसाठी."

"कुठे येतायत?"

"आपल्याकडे."

मावशींनी नवऱ्याला गाठून विचारलं, "अहो, तुम्ही बोलावलंत?"

"हं," टपालराव म्हणाले.

पाहुणे आले ते ऐन गर्दीत. सुट्टीवरून परतलेल्या लोकांच्या बॅगाच्या बॅगा दुकानात ओतल्या जात होत्या, खिशांतून वाळू गळत होती, आणि आठवड्यावर आलेल्या शाळांच्या गणवेशांचा ढीग मावशींच्या कमरेएवढा झाला होता. घड्याळवाले पाहुणे इतके उंच, की जिन्यात पहिल्याच पायरीला कपाळ आपटलं आणि दहाही दिवस रोज न चुकता त्याच जागी आपटत राहिलं. त्यांच्या पत्नीला सगळे मादाम म्हणू लागले. बुटक्या, घट्ट बांध्याच्या, सुयांसारख्या डोळ्यांच्या. मुलीला वरची आपली खोली सोडून स्वयंपाकघरात अंथरूण टाकावं लागलं, आणि त्याबद्दल तिनं आईबापांना अधूनमधून टोमणे मारले.

एकोणीस वर्षांचे जिवाभावाचे मित्र समोरासमोर बसले आणि दोघांचीही वाचा बसली. पाहुण्यांचं इंग्रजी नाकातून यायचं. टपालरावांचं कुठूनच येईना. कागदावर ज्यांनी एकमेकांचे वजीर मारले, ते आता एकमेकांना बटाट्याची वाटी पुढे करत हसत होते. नुसतं हसत होते. दुसऱ्या संध्याकाळी मोठ्या आशेनं पट मांडला, तर त्याहून वाईट. तीन आठवडे विचार करून चाल करायची सवय. समोर माणूस श्वास घेतोय म्हटल्यावर टपालरावांच्या हाताला घाम सुटला. पाहुणे चष्मा पुसत राहिले. सव्वा तासात चार चाली झाल्या आणि दोघंही ओझी वाहिल्यासारखे दमून झोपायला गेले.

"हे दोघं लग्नाच्या बोलणीला बसलेत का?" मावशींनी मुलीला विचारलं. "मुलगी तरी दाखवा म्हणावं."

आणि मग चौथ्या दिवशी पोस्टमन आला. टपालरावांचाच जुना सहकारी. त्याच्या हातात एक कार्ड होतं. पाठवणारा: वरच्या मजल्यावरचे पाहुणे. पत्ता: तेच घर. मजकूर: उंटाची चाल, आणि खाली, "तुमचा जिना सुंदर आहे, पण तो माझा द्वेष करतो."

टपालरावांचा चेहरा असा उजळला, की मावशींनी असा उजळलेला चेहरा फक्त लग्नाच्या फोटोत पाहिला होता, आणि तोही फोटोवाल्यानं रंगवलेला. ते तडक मागे गेले, उत्तर लिहिलं आणि अकराला पोस्टाची पेटी रिकामी व्हायच्या आत नाक्यावर जाऊन टाकून आले. त्या दिवसापासून दोन्ही मित्रांच्या जिवात जीव आला. सकाळी एकेक कार्ड टाकायला दोघं बरोबर, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, नाक्यापर्यंत फिरून यायचे.

"भिंतीला भोक पाडलं असतं तर तिकिटं तरी वाचली असती," पोस्टमन म्हणाला.

"भोक आहे हो," मावशी म्हणाल्या, "तोंड म्हणतात त्याला. यांच्याकडे ते जेवायलाच वापरतात."

इकडे मादाम कंटाळल्या आणि दुकानात उतरल्या. त्यांनी जन्मभर पुरुषांचे शर्ट शिवले होते. गणवेशांचा ढीग पाहून त्यांनी विचारायची वाट पाहिली नाही. स्टूल ओढलं, सुटलेली बटणं शोधली आणि टाके घालायला सुरुवात केली. मावशींनी पहिलं बटण ओढून पाहिलं. दुसरं दातांनी ओढून पाहिलं. निघेना. मग त्यांनी चहाचा मोठा कप मादामपुढे ठेवला. मावशींच्या राज्यात याहून मोठा मान नव्हता. एक मराठीत बोलायची, दुसरी फ्रेंचमध्ये, आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांबद्दल दोघींचं मत एकच असल्यामुळे दुभाष्याची गरज पडत नव्हती.

सहाव्या दिवशी ठिणगी पडली. मावशी नवऱ्याचा शर्ट घेऊन कॉलरीला खळ लावत होत्या, मायेनं, दोन हात. मादामनी पाहिलं. "नों," म्हणाल्या. मावशींनी हसून तिसरा हात लावला. तशी मादाम उठल्या, शर्ट मावशींच्या हातातून हिसकावला आणि सरळ स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवला.

एकतीस वर्षांत त्या टेबलावरून मावशींच्या हातातला कपडा कुणी काढून घेतला नव्हता.

"अहो बाई! घर माझं, नवरा माझा, खळ माझी! तुमच्या नवऱ्याला घाला पाण्यात!"

मादामनीही तोफ डागली. त्यांना स्वतःच्या मानेवर चिमटे काढून दाखवायचे होते आणि त्याच वेळी बादलीही सोडायची नव्हती. दोघींनी शर्टाची एकेक बाही धरली. समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बघायला आला. त्याच्या मागे अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक आलं. आरडाओरड्यानं मुलगी मागच्या स्वयंपाकघरातून धावत आली. तिचा त्या दिवशी अर्धा दिवस होता आणि तो झोपेत घालवायचा तिचा बेत होता.

"काय म्हणतात त्या?" मावशी ओरडल्या.

मादामचं मोडकंतोडकं इंग्रजी ऐकून मुलीचा चेहरा विचित्र झाला. "आई, त्या म्हणतात, बाबांना खळ सोसत नाही."

"यांना काय माहीत?"

मादाम धाडधाड वर गेल्या आणि बिस्किटांचा एक भला मोठा डबा घेऊन आल्या. त्यात एकोणीस वर्षांची कार्डं होती, टपालरावांच्या हातची, तारखेप्रमाणे लावलेली. मित्राला दाखवून चकित करायचं म्हणून पाहुण्यांनी ती आणली होती. मादामनी सरासर काही कार्डं उपसली आणि मुलीच्या हातात कोंबली. मुलगी वाचू लागली.

"घोडा एफ-तीन. उकाडा फार. पत्नीनं कॉलरीला पुन्हा खळ घातली आहे. माझी मान सोललेल्या बटाट्यासारखी दिसते."

न्हावी फिसकन हसला.

"हत्ती डी-एक. थंडी सुरू. खळ तीच. … प्यादं मारलं. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं. समारंभाला गेलो होतो. ती डावीकडून मंचावर आली. मला उजवीकडेच बघता येत होतं." मुलगी थांबली. "बाबा तेव्हा माझ्याकडे बघतच नव्हते! मी आठवडाभर रुसले होते!"

"पुढे वाच," मावशी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

मुलीनं पुढचं कार्ड घेतलं आणि ते जरा हळू वाचलं. "वजीर मागे. पत्नी आजारी आहे. दुकान तीन दिवस बंद. माझी कॉलर मऊ आहे. मला मऊ कॉलर नको आहे."

दुकानात इतकी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. फेसवालं गिऱ्हाईक घाबरून चार पावलं मागे सरलं. नेमके त्याच वेळी टपालराव पेटीत कार्ड टाकून परतत होते. त्यांनी दारातून बायको पाहिली, डबा पाहिला, आणि तसेच वळून समोरच्या न्हाव्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी डोक्याचं, दाढीचं आणि मानेचं, सगळं करून घेतलं.

संध्याकाळी मावशींनी नवऱ्याला वाढलं, पण शब्द काढला नाही. बायकोची बडबड थांबल्यावर घर किती मोठं आहे ते टपालरावांना पहिल्यांदाच कळलं.

आठव्या दिवशी पोस्टमननं टपालरावांना दोन कार्डं दिली. एक पाहुण्यांचं. दुसऱ्यावरचं अक्षर दुकानाच्या चिठ्ठ्यांवरचं होतं.

"अहो, तुमच्या आईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, याला कडक कॉलर लागते. तेव्हापासून बोटं भाजत मी ती करते. तुमची मान सोलली गेली हे फ्रान्सला माहीत, फ्रान्सच्या शेजाऱ्यांनाही माहीत असेल, मला नाही. मी काय वाघीण आहे? या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. बाकीच्याचं द्यावं."

टपालरावांनी ते दोनदा वाचलं. पाहुण्यांनी सवयीनं मान तिरकी करून डोकावलं, तर टपालरावांनी कार्ड छातीशी धरलं. त्या दिवशी अकराची पेटी चुकली, कारण त्यांचं लिहून होईना. दुपारच्या पेटीला टाकलं. उत्तर दहाव्या दिवशी सकाळी आलं, पाहुण्यांच्या बॅगा दारात असताना.

"कडक कॉलर आईला आवडायची. मला कुणी विचारलं नव्हतं. मग तू इतक्या हौसेनं करायला लागलीस, की सांगायची वेळ निघून गेली. दहा वर्षांनी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, दहा वर्षं काय केलंत? फ्रान्स लांब होतं, म्हणून तिकडे बोललो. शर्ट चांगले असतात. घडी तर फारच चांगली असते."

मावशींनी ते स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून वाचलं. मग नाक पुसलं आणि बाहेर येऊन मादामना बाहीला धरून आत नेलं. गाडीला तीन तास होते. दोघींनी मिळून कपाटातले अकराच्या अकरा शर्ट पाण्यातून काढले. मादामनी कॉलरी दाबल्या, मावशींनी पिळल्या. न बोलता केलेलं दोघींचं हे पहिलंच काम. एक शर्ट ओलसरच इस्त्रीखाली घेतला आणि नवऱ्याच्या अंगावर फेकला. तो घालून टपालराव खाली आले, तर इस्त्री केलेल्या माणसाऐवजी दोरीवर वाळत घातलेला माणूस उतरल्यासारखं दिसलं.

"शी! अवतार बघा," मावशी म्हणाल्या.

टपालरावांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, जिथे बायको उभी होती, आणि तिथेच ठेवली.

स्टेशनवर दोन्ही मित्रांनी एकमेकांचे हात धरले आणि बराच वेळ वरखाली हलवले. बोलले नाहीतच. डाव अर्धवट होता आणि त्यात दोघांनाही समाधान दिसत होतं. मादामनी मावशींच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले. मावशींनी बदला म्हणून त्यांना असं आवळलं की मादामचा चष्मा निसटला. "पुढच्या खेपेला सुया तुमच्या आणा, आमच्या बोथट आहेत," मावशींनी मराठीत बजावलं, आणि मादामनी फ्रेंचमध्ये कबूल केलं.

परतताना बसमध्ये खिडकीशी टपालराव, शेजारी मावशी. दोन थांबे गेले. टपालरावांनी घसा साफ केला.

"एक सांगू?"

"सांगा की," मावशी म्हणाल्या, आणि मऊ आवाजात म्हणाल्या, कारण मन भरून आलं होतं.

"चहात साखर जास्त असते. पहिल्यापासून."

"बरं. कमी घालीन."

"आणि उशी फार उंच आहे."

"बरं."

"आणि तुझी वहिनी आली की तिला पाच वेळा 'बस, बस' म्हणतेस. एकदा म्हटलं की पुरे. ती बसतेच. मग उठत नाही."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. टपालरावांचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. ते कढईच्या दांड्याबद्दल बोलले. दुकानाच्या फळीच्या आवाजाबद्दल बोलले. एका निळ्या स्वेटरबद्दल बोलले, जो मावशींनी सोळा वर्षांपूर्वी विणला होता आणि ज्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब होती. लांब कुठली ते त्यांनी बसमध्ये हात पसरून दाखवलं, तेव्हा पुढच्या सीटवरच्या गृहस्थांची टोपी पडली.

घर अजून दोन थांबे लांब असताना मावशी उठल्या आणि घंटा वाजवून खाली उतरल्या. म्हटलं, जरा चालावं, कानांना हवा लागेल. बस हलायच्या आत टपालराव घाईघाईनं मागल्या दारानं उतरले आणि त्यांच्या बरोबरीला आले.

"आणि ती मागची खिडकी," ते म्हणाले, "ती रात्री उघडी का ठेवतेस?"

"तुम्ही घोरता म्हणून," मावशी म्हणाल्या. "निदान निम्मं तरी बाहेर जावं."

"मी घोरतो?"

"अहो, मलाही आता बोलायचंय. चला जरा सावलीच्या बाजूनं, वेळ लागेल."